किल्लीवरची रेघ

प्रिय वहीवाली,

हे पत्र तुला तुझ्या खणात, नोंदवहीच्या वर सापडेल. अक्षर ओळखून आधी तू कपाळाला आठी घालशील आणि ‘आता याचं काय बिनसलं’ म्हणत उघडशील. बिनसलंय. पण वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर सोडायचा मान आपल्यात माझा आहे; कॉलेज मी सोडलं, तू नाही. आणि भांडायचं तर पूर्ण वाचून भांड. अर्ध्यावर भांडलीस तर चुकीच्या गोष्टीवरून भांडशील आणि खऱ्या गोष्टीसाठी तुझ्याकडे राग शिल्लक राहणार नाही.

गेले दोन आठवडे, म्हणजे दोन बुधवार, मी आलो नाही. मला ताप आहे असं दवाखान्यात मॅडमना कळवलं होतं. ताप नव्हता. घरी बसून बाबांच्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना काजं करत होतो. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, फक्त मधूनमधून आईला मोठ्यानं सांगायचे, "अगं, शास्त्रज्ञांना चहा दे." दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलची वही सरांच्या टेबलावर आपटून घरी आलो, त्या दिवसापासून मी आमच्या घरातला शास्त्रज्ञ आहे. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसली नव्हतीस. "वही लिहायची असते रे, आपटायची नसते," एवढंच म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेचा फॉर्म आणून दवाखान्यातल्या माझ्या लेसर मशीनवर चिकटवलास. त्याच आठवड्यात माझं नाव रॉकेल ठेवलंस. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर मी त्याला दाखवलं असतं रॉकेल म्हणजे काय. तू ठेवलंस म्हणून मी ते आईलाही सांगितलं.

बुधवार आपला होता. आठवड्याचे बाकी दिवस दवाखान्यात मुरुमं, वांग, आणि चार दिवसांत गोरं करून द्या म्हणणारे लोक. बुधवारी दुपारनंतर मात्र तुरुंगातून सुटलेले यायचे, अंगावरचं गोंदण पुसून घ्यायला. मॅडमचा नियम एकच. ज्याच्या अंगावर खुणा आहेत त्याच्याच तोंडून प्रत्येकीचा अर्थ, ती काढायची असो वा नसो, वहीत उतरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. तू लिहायचीस, मग मी पुसायचो. पडद्याच्या अलीकडे मी मशीन तापवत बसायचो आणि पलीकडून तुझा आवाज ऐकायचो. त्यामुळे ही भाषा मलाही कळायला लागली. अंगठ्याच्या बेचक्यातले पाच ठिपके म्हणजे चार भिंती आणि मधोमध मी. कोपरावरचं जाळं म्हणजे एका जागी इतकी वर्षं बसलो की कोळ्यानं अंगावर घर केलं. काटे नसलेलं घड्याळ म्हणजे आत वेळच वेळ असतो, पण वाजत काहीच नाही. डोळ्याखालचा थेंब पोकळ असेल तर आपलं कुणी गेलं, भरलेला असेल तर आपण कुणाला तरी घालवलं. एक जण अर्धाच भरलेला थेंब घेऊन आला होता. तू पेन थांबवून त्या थेंबाकडे अशी बघत राहिलीस की शेवटी तोच ओशाळून म्हणाला, "ताई, शाई संपली होती."

आणि आपला पावशेर. उंची तेवढीच, जीभ मात्र पाच किलोची. जुना खिसेकापू, आता इस्त्रीच्या दुकानात आहे. खिसे अजूनही तपासतो, पण सापडलं ते परत देतो, असं स्वतःच सांगतो. मी एकदा त्याला विचारलं होतं की मनगटावर एखादं अक्षर गोंदवून घेतलं तर कसं दिसेल. कुणाचं ते त्यानं विचारलं नाही, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, अक्षर नको. पोरीचं मन फिरलं तर तुलाच तुझ्या मशीनखाली बसावं लागेल, आणि स्वतःचा हात स्वतःला भाजता येत नाही." त्या दिवशी मी त्याच्या जाळ्यावर मशीन जरा जोरातच चालवलं.

मग तो आला. त्याचं नाव तू वहीत नीट, वळणदार लिहिलंयस, तेव्हा मी इथं परत लिहीत नाही. मी त्याला शांतोबा म्हणतो. सुटून वर्ष झालेलं, सुतारखान्यात खिडक्यांच्या चौकटी करतो, विचारलं तर बोलतो, नाही तर भिंतीकडे बघत बसतो. अंगावर अकरा खुणा. बाकीच्यांना तू दहा मिनिटं देतेस, मी घड्याळ लावून बघितलंय. त्याच्या अकरा खुणांना तुला चार दुपारी लागल्या. ऐकताना तू पेन दातात धरतेस, हे मला त्याच्यामुळे कळलं. इतरांच्या वेळी पेन कागदावर असतं. तिसऱ्या दुपारी तो काहीतरी पुटपुटला आणि तू मान मागे टाकून हसलीस. मी पडद्याआडून विचारलं, "काय झालं?" तर म्हणालीस, "काही नाही, तुला नाही कळायचं." चौथ्या दुपारी त्यानं तुझा अडकणारा खण काढून, घासून, परत बसवला. हाच खण. सहा महिने मी तुला सांगत होतो की करतो, करतो. त्यानं विचारलंसुद्धा नाही. खिशातून पॉलिशपेपर काढला आणि पाच मिनिटांत खण लोण्यासारखा सरकायला लागला. तू तो चार वेळा उघडून मिटून बघितलास. कानामागून आला आणि तिखट झाला, असं आई म्हणते ना, तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट कळलं.

तरी तेवढ्यावर मी काही केलं नसतं. खरंच सांगतो. पण त्याला मशीनखाली घ्यायच्या दिवशी मी वही उघडली. दहा खुणांचे अर्थ तू पानभर लिहिले होतेस. अकरावी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, बोटभर किल्ली आणि तिच्यावरून गेलेली एक आडवी रेघ. तिच्यासमोर अर्थ नाही. फक्त ‘ही काढायची नाही’, खाली दोन रेघा मारलेल्या. मी तुला विचारलं. म्हणालीस, "ते त्याचं आहे. तुला काय करायचंय?" म्हणजे तुला माहीत होतं. मॅडमचा नियम तू कुणासाठी मोडला नव्हतास. एका बाईनं खांद्यावरच्या फुलाचा अर्थ सांगायला नकार दिला तेव्हा तू तिला परत पाठवलं होतंस. याच्यासाठी मोडलास. तुमच्या दोघांत एक गुपित होतं, मनगटाएवढं, आणि मी बाहेर उभा. कुणी मला कानफटात मारली असती तर मी ती परत दिली असती आणि विषय संपला असता. गुपिताला काय परत देणार?

आता ते लिहितो. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर झाकणं होती, मशीनखाली सगळ्यांच्या असतात तशी. तू मॅडमकडे गेली होतीस. दंडावरचं काटे नसलेलं घड्याळ मी पूर्ण केलं, हात खाली आणला आणि मनगटावर थांबलो. थांबलो म्हणजे विचार केला. रागाच्या भरात झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही, कारण मी मशीनचा आकडा बदलला, बारीक रेषेला लागतो तो लावला, आणि मग मारलं. नऊ वेळा. तेल तडतडावं तसा आवाज येतो, केस जळल्याचा वास येतो, कातडी पांढरी फुगते. तो हलला नाही. झाल्यावर झाकणं काढून त्यानं मनगट बघितलं आणि हळू म्हणाला, "हे नव्हतं काढायचं." मी म्हणालो, "हात सरकला." माझा हात सरकत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं बाही खाली ओढली. दारापर्यंत गेला, परत वळला आणि म्हणाला, "तिला सांगू नकोस. तुझी नोकरी जाईल." ‘ताईंना’ नाही, ‘त्यांना’ नाही. ‘तिला.’ माझी नोकरी वाचवणारा हा कोण? एक ठेवून दिली असती तर आम्ही बरोबरीत आलो असतो. दुसऱ्या आठवड्यात तो मनगटाला फडकं बांधून आला, तुला वाटलं लचक भरली, आणि तू त्याला रुंद चामडी पट्ट्याचं घड्याळ आणून दिलंस. आधार होईल म्हणालीस. स्वतः बांधलंस, दोन भोकं मागे घेऊन. तू बांधत होतीस तेव्हा तो तुझ्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

खुणेचा अर्थ मला पावशेरनं सांगितला. तो आणि शांतोबा एकाच वस्तीतले, एकाच तुरुंगात राहिलेले. तीन आठवड्यांपूर्वी त्याचं कोपर माझ्या हातात असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की किल्लीवर रेघ म्हणजे काय. नेहमी बडबडणारा पावशेर एकदम आवाज उतरवून बोलायला लागला. किल्ली म्हणजे त्यांच्या टोळीचं घर. एकदा मनगटावर आली की दार आतून बंद, बाहेर पडायचं नाही. ज्याला टोळीचा प्रमुख स्वतः मोकळा करतो, त्याच्या किल्लीवर तो स्वतःच्या हातानं रेघ मारतो. त्या रेघेनंतर त्या माणसाला कुणी बोट लावत नाही. त्या वस्तीत भेटल्यावर हात मिळवत नाहीत, मनगट धरतात, अंगठा बरोबर किल्लीवर ठेवतात. किल्ली आहे आणि रेघ नाही, आणि माणूस वर्षभर बाहेर राहतोय, म्हणजे तो पळालेला. "पळालेल्याचं मनगट मोडतात," पावशेर म्हणाला. "तेवढ्यावर थांबले तर नशीब समजायचं. तू का विचारतोयस?" मी म्हणालो, असंच.

तुला माहीत आहे या कामात काय होतं. खोल गेलेली शाई निघायला महिनेच्या महिने लागतात, वरवरची बारीक रेषा एका बैठकीत जाते. किल्ली त्यानं एकोणिसाव्या वर्षी दोनदा टोचून घेतलेली, दाट. रेघ एका थरथरत्या म्हाताऱ्या हाताची, जेमतेम कातडीत शिरलेली. म्हणजे मी किल्ली पुसली नाही. किल्ली जागच्या जागी आहे, काळीभोर. मी फक्त रेघ पुसली.

हे कळून तीन आठवडे झाले आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आधी स्वतःला सांगितलं, तो त्या वस्तीत जाणारच नाही. मग त्याच्या बहिणीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, वस्तीतच, येत्या रविवारी. तेव्हा स्वतःला सांगितलं, तो काही कुक्कुलं बाळ नाही, त्याचं तो बघेल. आणि या दोन सांगण्यांच्या खाली मी आणखी एक गोष्ट स्वतःला सांगत होतो, ती अशी की होऊ दे. होऊ दे काय व्हायचं ते. काजं करता करता मी हे म्हणत होतो, आणि काजं सरळ येत होती. तुला माझा राग माहीत आहे, भांडी आपटणारा. हा तसला नव्हता. हा थंड होता आणि तो माझाच होता.

शनिवारी तुझा फोन आला. ताप कसा आहे विचारलंस, आणि माझं उत्तर पुरतं व्हायच्या आत म्हणालीस की पुढच्या रविवारी तू त्याच्याबरोबर लग्नाला जाणार आहेस, त्याची बहीण सारखी बोलावतेय, आणि पिवळा घालू का निळा. मी म्हणालो पिवळा तुला शोभत नाही. खोटं बोललो. पिवळ्यात तू अशी दिसतेस की मला मशीनचे आकडे दिसेनासे होतात. फोन ठेवला आणि मग कळलं की रविवारी ते जेव्हा त्याचं मनगट धरतील, तेव्हा त्याचा दुसरा हात तुझ्या हातात असेल. मी उठलो तो यामुळे. त्याच्यासाठी नाही उठलो. हे तुला कळायला हवं, नाहीतर तू मला उगाच चांगला समजशील.

सोमवारी मी त्यांच्या मास्तरांकडे गेलो. टोळीच्या प्रमुखाला वस्तीत मास्तर म्हणतात. आता टोळी दुसरे बघतात, हे शिलाई मशीन दुरुस्त करतात, रेघ मात्र अजून यांच्याच हातची चालते. नुसतं जायला छाती होईना, म्हणून बाबांचं जुनं मशीन खांद्यावर घेतलं. बाबांना वाटलं पोरगा सुधारला. दुकानाच्या दारात दोघे बसले होते, त्यांनी माझं मनगट धरलं. रिकामं होतं, सोडलं. आत मास्तरांनी मशीन उघडलं, अर्धा तास तेलपाणी केलं, आणि मान वर न करता म्हणाले, "ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. बोल." मी फाइलमधून काढून आणलेला फोटो पुढं केला, मशीन लावण्याआधी आपण काढतो तो. त्यात रेघ स्वच्छ दिसते. आणि कुणी पुसली, का पुसली, ते सांगितलं. ‘का’ सांगताना तुझाही उल्लेख झाला, माफ कर. मास्तर बराच वेळ हसले. मला वाटलं सुटलो. मग म्हणाले, "फोटो कुणीही काढतं. कातडीचं उत्तर कातडीनं द्यायचं असतं. पुसणाऱ्यानं आधी रेघ घ्यायची, मग ज्याची गेली त्याला परत मिळते." असा त्यांचा कायदा आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आता माझ्या डाव्या मनगटावर एक आडवी रेघ आहे, खाली किल्ली नाही, काही नाही. याचा अर्थ काय म्हणून मी विचारलं. म्हणाले, याचा अर्थ या घरात तुला कधीच घेणार नाहीत, बापाला सांग, खूश होईल. बाबांना अजून दाखवलेली नाही. मशीन मात्र फार छान चालतंय.

पोलिसात जा म्हणशील. बहिणीच्या लग्नाच्या दारात पोलीस उभे करणार नाही तो, तूच विचारून बघ. आणि मॅडमना मी उद्या सकाळी स्वतः सगळं सांगणार आहे, मनगटाचं आणि फाइलमधल्या फोटोचंही, म्हणजे माझी नोकरी वाचवल्याचा मान कुणालाच मिळणार नाही.

आता ज्यासाठी लिहिलं ते. परवा, शुक्रवारी, चार वाजता मास्तर दुकानात त्याची वाट बघणार आहेत. रेघ परत मारून देतील. पण तो एकटा गेला तर दारातलेच दोघे त्याचं मनगट धरतील आणि आत पोचायच्या आधीच सगळं होऊन जाईल. म्हणून तर तो आजपर्यंत गेला नाही, नुसता घड्याळ घालून रविवारची वाट बघतोय. मास्तरांनी दारात सांगून ठेवलंय की रुंद पट्ट्याचं घड्याळ घातलेला माणूस एका मुलीबरोबर येईल, त्यांना सोडा. मुलगी कोण, ते मीच सांगितलं. मी सांगितलं तर तो येणार नाही. माझ्या हातून पाणीसुद्धा घेणार नाही, आणि बरोबर आहे त्याचं. तू म्हणालीस तर येईल. तू म्हणालीस तर तो कुठेही जाईल, हे मला त्या खणाच्या दिवशीच दिसलं होतं. तेव्हा त्याला घेऊन जा, वेळेवर जा, आणि रविवारी पिवळाच घाल. माझी एकच मागणी आहे. मास्तरांना त्याचं डावं मनगट लागतं, उजवा हात मोकळा असतो. सुई चालू असताना तो धरू नकोस. बाहेर बाकावर बस, आत आलीस तर भिंतीकडे बघ, काहीही कर, पण धरू नकोस. फार दुखत नाही. अठ्ठेचाळीस टोचे असतात, मी मोजलेत, आणि माझा हात कुणी धरला नव्हता.

कुणी विचारलेलं नसतानाही तुझाच,
रॉकेल